परसातली वकिलात

टावीटा गेले हे मला कळलं तेव्हा मी उपमा वाढत होते. दोन दिवसांपूर्वीच त्यांना अँब्युलन्सने ब्लॅकटाउनच्या हॉस्पिटलात नेलं होतं, तरी हाताच्या सवयीने एक ताटली जास्तीची भरली गेली होती. ऑगस्ट, म्हणजे इथला हिवाळा, संपत आला होता. सिडनीच्या बाहेरच्या अंगाला, स्कोफिल्ड्समधल्या आमच्या घरामागचं धुकं अजून उठलं नव्हतं. परसातली ती छोटी खोली, जिला इथे ग्रॅनी फ्लॅट म्हणतात, धुक्यात अर्धी बुडाल्यासारखी दिसत होती आणि दारापुढे त्यांच्या चपला तशाच होत्या. फोन माझ्या सुनेचा, रसिकाचा. ती त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. "आई, तुम्ही आधी बसा," ती म्हणाली. मी बसले नाही. बसले नाही तर पुढचं वाक्य येणारच नाही असं काहीतरी वाटलं असावं... पण वाक्य आलं. झोपेतच हृदय थांबलं होतं. कोरोनाचे दिवस, जवळ कुणाला जाऊ देत नव्हते. त्यांचा शेवटचा चेहरा मी पाहिला तो अँब्युलन्सच्या दारात, मास्कच्या वरचे दोन डोळे, आणि ते डोळे माझी समजूत घालत होते.

आता दहा-अकरा आठवडे झाले. ज्यांच्याविषयी हे लिहितेय ते एका देशाचे राजदूत होते, असं सांगितलं तर अमरावतीतल्या माझ्या जुन्या सहकारी हसतील. राजदूत आणि तुमच्या परसात? पण खरंच होते. त्यांचा देश प्रशांत महासागरातल्या काही बेटांचा आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांनीच एकदा सांगितलं होतं, "आमच्याबद्दल लिहिलंत तर नाव घालू नका टीचर. नाव आलं की दोन्ही थोरले विचारतात, आधी आम्हाला का नाही दाखवलं?" थोरले म्हणजे दोन महासत्ता, महासागराच्या या काठाची एक आणि त्या काठाची एक. त्यांचीही नावं ते घेत नसत. आणि ऑस्ट्रेलिया? असं मी विचारलं तेव्हा थोडा विचार करून म्हणाले होते, "ते शेजारचे काका. जीव लावतात, पण जेवायला बसलं की लक्ष आपल्या ताटात."

मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. वर्गात जगाचा मोठा नकाशा होता आणि त्यावर प्रशांत महासागरात, निळ्या रिकाम्या जागेत, छापणाऱ्याने सूचीची चौकट टाकलेली होती. रेल्वे, नद्या, राजधान्या यांच्या खुणा. टावीटांची ओळख झाल्यावर मी मनातल्या मनात तो नकाशा आठवला, आणि ध्यानात आलं की त्यांचा अख्खा देश त्या चौकटीखाली झाकला गेला होता. मी तीस वर्षं त्यावर छडी ठेवून मुलींना म्हणत आले, इथे काही नाही, फक्त पाणी आहे. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला. "बरोबरच शिकवलंत. पाणीच आहे. पण ते आमचं आहे."

ते सिडनीला आले होते हृदयाची तपासणी करायला आणि मासेमारीच्या हक्कांवरच्या एका बैठकीला. दोन आठवड्यांसाठी, एका बॅगेनिशी. त्याच आठवड्यात जग बंद झालं. त्यांच्या देशाने सीमा अशी मिटली की स्वतःच्या नागरिकांनाही आत घेईना. बेटावर एकच दवाखाना, आजार शिरला तर संपलंच सगळं. त्यांच्या देशाची ऑस्ट्रेलियात वकिलात नव्हती. सरकारने कळवलं, तुम्ही तिथे आहातच, तर आता तुम्हीच वकिलात. मी माझ्या मुलाकडे, सुमेधकडे, सहा महिन्यांच्या व्हिसावर आले होते, मीही तशीच अडकले. सुमेधने ग्रॅनी फ्लॅटची जाहिरात टाकली तेव्हा पाहायला आलेला पहिला माणूस म्हणजे हे. उंच, सावळे, साठीचे, कडक इस्त्रीचा फुलाफुलांचा शर्ट, पायात चपला. त्यांनी खोलीत जाऊन आधी खिडकी उघडली, वारा कुठून येतो ते पाहिलं आणि विचारलं, "इथे देश ठेवला तर चालेल का?" सुमेधला वाटलं त्यांना ऑफिस म्हणायचंय. तो म्हणाला, "नो वरीज, मेट!"

अशी ती वकिलात सुरू झाली. एक टेबल, एक लॅपटॉप, रबरी शिक्का, आणि सुमेधचा प्रिंटर. माझी सहा वर्षांची नात ओवी शाळा घरूनच करायची, ती अधूनमधून प्रिंटरमधून त्यांचे कागद उचलून परसातून धावत नेऊन द्यायची. "आजी, इज ही अ रिअल अँबॅसडर? बट ही वॉशेज हिज ओन प्लेट," ती मला विचारायची. मी म्हणायचे, म्हणूनच खरे.

आमचं बोलणं इंग्रजीत चाले. दोघांचंही इंग्रजी शाळेत शिकलेलं, हळू आणि व्याकरणशुद्ध, त्यामुळे फार जमलं. दुपारी काम आवरलं की आम्ही वसाहतीमागच्या तळ्याभोवती फिरायला जायचो. पावसाचं पाणी साठवायला केलेलं तळं ते, काठाला लव्हाळं, निळ्या-जांभळ्या पाणकोंबड्या. आकाशात विमान नाही, रस्त्यावर गाडी नाही, अर्धवट बांधलेल्या घरांचे सांगाडे उन्हात उभे... त्या दिवसांत कधीकधी मला खरंच कळेनासं व्हायचं की आपण कुठे आहोत. ते बोलू लागले की तळ्याचं पाणी खारं व्हायचं. त्यांच्या बेटाभोवती प्रवाळाचा बांध आहे, बांधाच्या आत शांत उथळ पाणी, आणि बांधाला एकच फट. "नाव आत येते ती तिथूनच, बाहेर जाते ती तिथूनच," ते सांगायचे. "फट बुजवली तर आतलं पाणी सडेल. रुंद केली तर लाटा घरात येतील. माझ्या आजोबांचं काम होतं त्या फटीवर नजर ठेवायचं. माझंही तेच आहे, फक्त मी शर्ट घालतो."

मी एकदा शहाणपणाने म्हटलं, दोन हत्ती झुंजले की गवत तुडवलं जातं. ते पटकन थांबले. "टीचर, तुम्हीसुद्धा? मला भेटणारा प्रत्येक परदेशी माणूस हे हत्ती घेऊन येतो. आमच्याकडे हत्ती नाहीत. गवतही फारसं नाही. आणि आम्ही खाली पडून राहत नाही, आम्ही बैठका घेतो."

बैठका मात्र पाहण्यासारख्या असत. पडद्यावर आजूबाजूच्या बेटदेशांचे मंत्री आणि सचिव, कुणाच्या मागे नारळाची झाडं, कुणाच्या मागे नातवंडं. कुणाचं तरी नेटवर्क जायचंच. ते गेलं की टावीटा सगळं थांबवायचे आणि गेलेला माणूस परत येईपर्यंत गप्पा, एखादं गाणं, कुणाच्या गुडघ्याची चौकशी. तो आला की पहिल्यापासून सुरू. सगळे असल्याशिवाय निर्णय नाही. थोरल्यांपैकी कुणी त्या बैठकीत पाहुणा असला तर त्याची चुळबुळ मला खिडकीतून दिसायची. "त्यांना प्रत्येकाशी एकेकट्याने बोलायचं असतं," टावीटा म्हणायचे, "आणि आम्हाला एकेकटं बोलताच येत नाही. दुर्दैव त्यांचं." कधीकधी नेटवर्क खरंच गेलेलं असायचं का, हे मी विचारलं नाही.

त्यांच्या राष्ट्रीय दिवशी परसातल्या कपडे वाळत घालायच्या दांडीवर झेंडा लागला. दोन्ही थोरल्यांचे प्रतिनिधी पडद्यावर शुभेच्छा द्यायला येणार होते आणि आधी कोण बोलणार यावरून आठवडाभर ईमेल चालले होते. टावीटांनी शेवटी कळवलं, आमच्या भाषेच्या मुळाक्षरांच्या क्रमाने. त्या भाषेत अक्षरं थोडी आणि दोन्ही देशांची नावं त्या भाषेत अशी काही लिहिली जातात की कुणालाच आधी हिशेब लागेना. लागला तेव्हा कार्यक्रम संपलेला होता. ओवीने त्यांचं राष्ट्रगीत पाठ केलं होतं. शेजारची पंजाबी काकू कुंपणावरून पाहत होती, तिनेही टाळ्या वाजवल्या आणि जिलबी पाठवली.

मग दुसऱ्या वर्षीचा एप्रिल आला. तिकडे आपल्याकडे जे चाललं होतं ते वाचकांनी भोगलंय, मी काय सांगू. माझी धाकटी बहीण शालू अमरावतीला आजारी पडली आणि पाचव्या दिवशी गेली. विमानं बंद होती. तिच्या घरातली बुद्धवंदना मी फोनच्या पडद्यावर ऐकली. चित्र सारखं गोठायचं, भाच्याचा चेहरा अर्धाच दिसायचा. मी परसात बसले होते, घरात श्वास कोंडत होता म्हणून. टावीटा बाहेर आले, काही विचारलं नाही, माझ्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले, हात जोडले. त्रिशरणाचा एक शब्दही त्यांना कळत नव्हता, तरी शेवटपर्यंत बसून राहिले. नंतर म्हणाले, "तिला पोहता यायचं का?" मी म्हटलं, नाही. "मग आमच्या बेटावर आली असती तर मीच शिकवलं असतं." हे सांत्वन होतं की काय होतं मला आजही सांगता येणार नाही, पण त्या दिवसापासून शालू मला स्वप्नात त्या उथळ, शांत पाण्यात दिसते. ती हसत असते, आणि पाणी तिच्या गुडघ्यापर्यंतच असतं...

त्यानंतर दीड-दोन महिन्यांत लशीचं निघालं. त्यांच्या देशाकडे लस नव्हती. थोरल्यांपैकी एकाने कळवलं, आमचं जहाज लस घेऊन येईल, शीतपेट्याही देऊ, फक्त जहाज आत यायला बांधाची फट जरा खोल आणि रुंद करावी लागेल, तीही आम्हीच करून देऊ. दुसऱ्याने कळवलं, आम्ही विमानाने लस टाकू, फक्त टेकडीवर एक छोटं टेहळणीचं केंद्र उभारायची परवानगी द्या. दोघांच्याही पत्रात 'फक्त' होता. टावीटा तो शब्द बोटाने दाखवून म्हणाले, "हा शब्द भेटला की मी चष्मा पुसतो."

एका सकाळी जहाजवाल्यांचा एक तरुण अधिकारी आमच्याकडे आला. सुटातला, फार सभ्य, गॅरेजच्या दारात दोन मीटर लांब उभा. टावीटांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्याकडे रीत आहे, दोन पक्ष बोलतात तेव्हा तिसरं माणूस ऐकायला हवंच. वही दिली आणि म्हणाले, "नोंदी घ्या टीचर. तुमच्या लिपीत." त्या वकिलातीची सगळी टिपणं मी अशी मराठीत घेतली आहेत, पुढे त्यांच्या मंत्रालयाला इंग्रजी करून पाठवली. तो तरुण चहा घेऊन, हवापाण्याचं बोलून, शेवटी म्हणाला, "सर, जहाजावर तुमच्यासाठी एक केबिन राखून ठेवता येईल. विलगीकरण प्रवासातच होईल. तुमच्या सरकारशी आम्ही बोलू. तुम्ही घरी जाल."

माझं पेन थांबलं. टावीटांची बायको लोसा तिकडे होती, सव्वा वर्षाहून जास्त काळ त्यांनी एकमेकांना पडद्यावरच पाहिलं होतं. त्यांच्या हृदयाचं दुखणं वाढत चाललं होतं, वाढत जाणाऱ्या गोळ्या मी पाहत होते. टावीटांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी त्या तरुणाला विचारलं, "तुमची आई कशी आहे?" तो गोंधळला, म्हणाला, बरी आहे, मलाही भेटून दोन वर्षं झाली. "मग तुम्हाला कळेल," टावीटा म्हणाले. "फार मोठं मन आहे तुमच्या देशाचं. मी येऊ शकत नाही."

कशी कोण जाणे, बातमी दुसऱ्या थोरल्यापर्यंत गेली आणि आठवड्याच्या आत त्यांच्याकडून फोन आला, विमानात एक जागा आहे. तिलाही नकार गेला, तितक्याच गोड शब्दांत.

मी संतापले. आज लिहिताना लाज वाटते, पण संतापले. त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हटलं, "मला जाता येत नव्हतं हो! माझी बहीण गेली आणि मला जाता येत नव्हतं. तुम्हाला दोन-दोन माणसं येऊन न्यायला तयार आहेत आणि तुम्ही चहा पाजून परत पाठवता? लोसाला काय वाटत असेल?"

ते लॅपटॉप मिटून माझ्याकडे वळले. "बसा टीचर."

"मला बसायचं नाही."

"मी त्या जहाजातून उतरेन," ते शांतपणे म्हणाले, "तेव्हा धक्क्यावर कॅमेरा असेल. जहाज, लशीची खोकी आणि शिडीवर मी, हात हलवताना. त्या फोटोखाली काय लिहायचं ते आम्ही ठरवणार नाही. मग दुसरे थोरले विचारतील, त्यांच्या जहाजातून उतरलात, आता आमच्यासाठी काय? आणि जे मागतील ते द्यावं लागेल. मला घरी जायचंय टीचर. रोज सकाळी उठतो तेव्हा अर्धं मिनिट मी घरीच असतो. पण मी गेलो तर ती फट माझ्यामागून रुंद होत येईल."

"आणि लोसा?"

"लोसानेच सांगितलं." त्यांनी मान खाली घातली. "मी केबिनचं सांगितलं तेव्हा ती खूप वेळ रडली. मग म्हणाली, पोहत ये, पण त्यातून येऊ नको."

मी तीन-चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. उपमा ओवीच्या हाती पाठवायचे. मग एकदा तळ्याच्या वाटेवर दोघं समोरासमोर आलो. लॉकडाउन पुन्हा लागला होता, सगळ्यांचे चेहरे झाकलेले, आणि मी बाजूला होऊन वाट दिली. तेच म्हणाले, "पाणकोंबडीला पिल्लं झालीत. दाखवतो चला." तेवढ्यावर आमचा तह झाला.

त्या काही आठवड्यांत त्यांनी जे केलं ते मी जवळून पाहिलं म्हणून सांगते. दोन्ही थोरल्यांना एकाच मजकुराची दोन पत्रं गेली. लशीबद्दल मनापासून आभार. आमच्या शेजारच्या देशात मोठं बंदर आहे, आम्ही सगळे छोटे देश मिळून तिथून लस घ्यायचं ठरवलंय, कृपया तिथे पोचवावी, आमची नाव जाऊन घेऊन येईल. फटीचा आणि टेकडीचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, इतका की त्यावर बेटावरच्या सगळ्या वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून बोलायला हवं, आणि सीमा उघडल्यावर ते बसतील. कुठेही 'हो' नाही, कुठेही 'नाही' नाही. आणि शेवटी बेटावरच्या हवामानाबद्दल दोन ओळी. शेजारच्या बेटदेशांनीही आपापल्या शिक्क्यांची तसलीच पत्रं पाठवली. आता कुठल्याच थोरल्याला लस रोखून धरणारा दिसायचं नव्हतं. एकाने पाठवली हे कळताच दुसऱ्याने चार दिवसांत पाठवली. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांची मासेमारीची जुनी बोट दोन्हीकडच्या पेट्या एकाच बर्फात घालून बेटावर पोचली. लोसाने फोटो पाठवला, दंडावर कापसाचा बोळा आणि चेहऱ्यावर लाजरं हसू. टावीटा तो फोटो घेऊन घरभर फिरले. मला, सुमेधला, रसिकाला, कुंपणापलीकडच्या काकूला, सगळ्यांना दाखवला. "बघा," एवढंच म्हणायचे. "बघा."

त्यानंतर मात्र ते दमले. काम झाल्यावर माणूस खुर्चीत सैल होतो, तसे सैल झाले. तळ्यापर्यंतही चालवेना, मग आम्ही परसातच बसायचो. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर वॉटलची झाडं पिवळीधमक फुलली होती, त्याचा वास घरात येई. ते डोळे मिटून बेटावरच्या घरांची नावं घ्यायचे, किनाऱ्याने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, कोण कुठे राहतं, कुणाच्या अंगणात कुठलं झाड. मला ती वाट पाठ झाली होती. एकदा मधलं एक घर ते विसरले, आणि मी आठवण करून दिली. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "आता तुम्ही तिथे जाऊ शकता," म्हणाले. "वाट चुकणार नाही."

अंत्यप्रार्थनेला दहाच माणसांना परवानगी होती. आम्ही चौघं, त्यांच्या बाजूच्या बेटांवरची सिडनीत राहणारी चारपाच माणसं, आणि पडद्यावर पाद्री व लोसा. दोन्ही थोरल्यांकडून पुष्पचक्रं आली होती आणि त्यातलं एक दुसऱ्यापेक्षा चांगलंच मोठं होतं. कुणाचं ते नाही सांगत. मी क्षणभर पाहिलं, मग मोठ्यातली काही फुलं उपटून ओवीच्या ओंजळीत दिली. "आजी! इज दॅट अलाउड?" ती कुजबुजली. मी म्हटलं, आहे. मग दोन्ही चक्रं पायाशी शेजारी शेजारी ठेवली, आणि ओवीने ती फुलं त्यांच्या छातीपाशी.

बेटाची सीमा मृतांनाही बंदच होती. खास परवानगी मिळेपर्यंत शवपेटी शीतगृहात राहिली. मधल्या काळात दोन्हीकडून पुन्हा विचारणा झाली, आम्ही घेऊन जातो, सन्मानाने, नौदलाच्या इतमामात. त्यांच्या मंत्रालयाने निर्णय लोसावर सोडला. लोसाने मला फोन केला. तिचं इंग्रजी तुटक, मधे मधे समुद्राचा आवाज. "टीचर, तो काय म्हणाला असता?" मी म्हटलं, "तू त्याला पोहत यायला सांगितलं होतंस." ती हसली, रडली, दोन्ही. मग म्हणाली, "शेजाऱ्यांचं जहाज बघते."

नोव्हेंबरच्या सुरुवातीला शेजारच्या बेटदेशाचं एक छोटं मालवाहू जहाज पोर्ट केम्ब्लाहून पत्रे आणि सिमेंट घेऊन निघालं आणि त्यातून टावीटा गेले. आम्ही गाडीने त्या बंदराशेजारच्या वॉलॉंगॉंगला गेलो. किती महिन्यांनी शहराबाहेर पडत होतो, समुद्र दिसला तेव्हा रसिकाने गाडीतच "ओ माय गॉड" म्हणून डोळे पुसले. पोलाद कारखान्याच्या चिमण्यांच्या पलीकडून ते जहाज बाहेर आलं, गंजलेलं, बुटकं, डेकवर वाळत घातलेले कपडे. ओवीने विचारलं, "इज इट हिज बोट?"

"नाही गं. शेजाऱ्यांची."

तिने थोडा विचार केला. "दॅट्स ओके देन," म्हणाली, आणि जहाज ठिपका होईपर्यंत हात हलवत राहिली.

गेल्या आठवड्यात लोसाचा फोन आला. पोचले. जहाज बांधाबाहेरच थांबलं, फट त्याला पुरत नाही. मग गावातले पुरुष लहान होड्या घेऊन बाहेर गेले, पेटी दोन होड्यांच्या मधे बांधली आणि वल्हवत आत आणली. किनाऱ्यावर सगळं गाव गात होतं. मी विचारलं, दफन नीट झालं ना? हो म्हणाली. मग तिने माझ्याकडे एक गोष्ट मागितली. त्यांच्याकडे परमुलखात गेलेल्या माणसाची निजायची जागा लगेच दुसऱ्याला देत नाहीत. देह आधी पोचतो, म्हणाली, माणूस मागून येतो, त्याला वेळ लागतो, लांबचा पल्ला आहे. या रविवारपर्यंत ती जागा तशीच ठेवाल का? आणि दार उघडं.

माझी अंधश्रद्धांवर श्रद्धा नाही. पण गेले पाच दिवस मी रोज सकाळी परस ओलांडून जाते, ग्रॅनी फ्लॅटचं दार आणि खिडकी सताड उघडते, आणि दुपारभर दारातल्या पायरीवर बसते. वारा आत जातो, पडदा फुगतो, बसतो. पुढच्या महिन्यात मीही परत अमरावतीला जाईन, तिकीट झालंय. काल मी तिथे बसले असताना सुमेध आला. पुण्याचं एक जोडपं खोली पाहून गेलं होतं, दोघंही आयटीतले, त्यांना घाई आहे.

"आई, ते शनिवारी सामान आणू का विचारताहेत. येस सांगू ना? रिकामीच तर आहे."

"सोमवारी या म्हण त्यांना," मी म्हटलं. "रविवारपर्यंत खोलीत माणूस आहे."